बुधवारची हाक

फालानिकोची बायको मोएलांगी वारली, तिला रिवाजाप्रमाणे घरासमोरच्या अंगणात पुरलं, वर पांढऱ्या फरश्या बसवल्या, आणि त्यानंतरही ती दर बुधवारी तिन्हीसांजेला गावात फोन करत राहिली.

यात तशी कुणाची चूक नव्हती. मोएलांगी मातालोआ गावच्या दवाखान्यात नर्स होती. तिचा आवाज राजधानीत, आपियातल्या आरोग्य कार्यालयातल्या एका यंत्रात भरून ठेवलेला होता आणि त्या यंत्राला ती गेल्याचं कळवायचं राहून गेलं होतं. बाकी सगळ्यांना कळवलं होतं. ऑकलंडहून बहिणी आल्या, पलीकडच्या बेटावरून चुलते आले, डुकरं कापली गेली, चटया वाटल्या गेल्या, पाद्रीसाहेब इतका वेळ बोलले की फुलं सुकली. यंत्र तेवढं सुटलं.

हे यंत्र गावाच्या नशिबी कसं आलं, तेही सांगायला हवं.

तान्ह्या मुलांना टोचायला बायका आपणहून आणतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचं तसं नाही. तिला काही दुखत नसतं, खुपत नसतं, ती शाळेतून येते, भावंडांना बदडते आणि जेवते. मोठेपणी तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ नये म्हणून आत्ताच एक सुई टोचून घ्यावी, हे कुठल्या बापाला आपणहून सुचणार? म्हणून कार्यालयाने आधी सगळ्यांच्या फोनवर लेखी निरोप पाठवले. ते इंग्रजीत होते. निम्म्या गावाने ते जाहिरात समजून पुसून टाकले, आणि उरलेल्यांपैकी काही जण बक्षीस लागलं म्हणून इस्त्रीचे कपडे घालून दवाखान्यात आले. मोएलांगीने त्यांना हाकललं नाही. बसायला सांगितलं, घरच्या मुलींना बोलावून घेतलं आणि टोचलं. “बक्षीसच आहे,” ती म्हणाली. “फक्त आत जातं.”

मग फेतू नावाचा एक तरुण अधिकारी आला. लिहिलेलं कुणी वाचत नाही, तर बोललेलं पाठवू, असं त्याचं म्हणणं. यंत्र घरोघर फोन करेल, नर्सचा आवाज ऐकवेल, आणि मुलगी येऊन गेली की त्या घराला त्रास देणार नाही. एवढं सांगून त्याने विचारलं, “बाई, लोक हमखास घरी कधी सापडतात?”

“सा लागली की,” मोएलांगी म्हणाली.

सा म्हणजे तिन्हीसांजेची प्रार्थना. वडाला टांगलेल्या गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर लोखंड आपटलं की गाव घरात शिरतं. दांडगी पोरं रस्त्याकडेला उभी राहून पहारा करतात, आणि ती संपेपर्यंत कोंबडीसुद्धा रस्ता ओलांडताना विचार करते. अशा वेळी घरात फोन वाजणं म्हणजे देवळात शिट्टी मारण्यासारखं. फेतूने वेळ लिहून घेतली. फोन त्या वेळी वाजवावा का, हे दोघांनीही विचारलं नाही. फेतूने विचारलं नाही कारण शहरात राहून तो विसरला होता. मोएलांगीने विचारलं नाही कारण ती विसरली नव्हती.

आवाज भरला तो फालानिकोच्या मागच्या रांधणीत. गावातल्या झाडून साऱ्या मुलींची नावं तिने एकेक करून स्वतः म्हटली. “पोरींची नावं पत्र्याच्या तोंडून नकोत,” ती म्हणाली. त्यांत तिच्या स्वतःच्या मुलीचंही नाव होतं, इयानेताचं, तिचं वय अजून व्हायचं होतं तरी. फालानिको पलीकडे खवणीवर बसून नारळ खवत होता. आत काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती. ऐन मध्यात त्याने ओरडून विचारलं, “अगं, मीठ कुठंय?”

मोएलांगीने नुसता हात वर केला. फेतू म्हणाला, परत करू या. ती म्हणाली, “राहू दे. घरचा आवाज आहे. नाहीतर लोकांना वाटायचं, सरकार बोलतंय.”

म्हणून गावाला जो फोन यायचा तो असा: “मी नर्स मोएलांगी. तुमच्या घरातली”, इथे मुलीचं नाव, “अजून दवाखान्यात आली नाही. तिला घेऊन या. मी वाट बघतेय.” आणि मागे, खवणीच्या खर्रखर्र आवाजातून, एक पुरुष मिठाची चौकशी करायचा.

पहिल्याच बुधवारी बाराएक घरांत प्रार्थनेच्या मध्यावर फोन वाजले. दुसऱ्या दिवशी घराण्यांच्या कारभाऱ्यांची, म्हणजे मताईंची बैठक बसली. थोरले मताई याकोपो यांनी निकाल दिला: सा मोडल्याबद्दल मोएलांगीला एक डुक्कर दंड. तिने डुक्कर दिलं. बैठक ते खायला बसली तेव्हा वाढायला तीच उभी होती, आणि प्रत्येक पानावर मांस घालताना विचारत होती, “मताई, तुमची नात राहिलीय ना अजून?” तोंडात घास असताना माणसाला नाही म्हणणं अवघड जातं. त्या महिन्यात पुष्कळ मुली आल्या.

पुढे तिलाच तो आजार निघाला. ती मुलगी असताना ही लस नव्हती, आणि नर्स झाल्यावर स्वतःची तपासणी करून घ्यायला तिला सवड नव्हती. शेवटी ती अंगणाकडे तोंड करून चटईवर पडून असायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला म्हणायची, “माझं बघून झालं असेल तर पोरीला घेऊन दवाखान्यात जा.”

ती गेल्यानंतरच्या बुधवारी याकोपो मताईंच्या घरी फोन वाजला. सगळं घर डोळे मिटून बसलेलं. सुनेने फोन गप्प करायला म्हणून बटण दाबलं, तर ते चुकीचं दाबलं गेलं आणि मोएलांगी साऱ्या घराशी बोलली. मी वाट बघतेय, असं म्हणाली.

पहाटे नवी नर्स रेपेका दवाखाना उघडायला आली, तेव्हा पायरीवर मताईंचं अख्खं कुटुंब बसलेलं होतं. नातीची बाही आधीच वर सारलेली होती. मताईंनी स्वतःचीही वर सारली होती. “मलाही द्या. वाद नको,” ते म्हणाले.

ते यंत्र आहे, हे गावाला माहीत नव्हतं असं नाही. दुपारी सगळ्यांना माहीत असायचं. तिन्हीसांजेला दिवे लागायच्या आत, समुद्र काळा पडून आवाज करायला लागला की मात्र त्या ज्ञानाचा उपयोग नसायचा. ज्याचं काम उरलंय असा मेलेला माणूस याच वेळी हिंडतो, हे इथे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. आणि मोएलांगीचं काम उरलं होतं. पाद्रीणबाई फोन टोपलीखाली झाकून ठेवायला लागल्या, तर तो टोपलीखालून बोलला. मग त्याही भाचीला घेऊन गेल्या.

मताईंच्या बैठकीत पुन्हा प्रश्न आला. गुन्हा चालू आहे, गुन्हेगार वारली आहे, दंड कुणाला? बराच खल झाला. शेवटी ठरलं की मोएलांगीने गाव सोडलेलं असल्यामुळे ती बैठकीच्या हद्दीबाहेर आहे. आपियाहून फेतू आला आणि हे गाव सगळ्या बेटाच्या पुढे कसं गेलं म्हणून विचारायला लागला. मताई म्हणाले, “श्रद्धा.” फेतूने ते टॅबलेटवर लिहून घेतलं.

हे सगळं फालानिको लांबून ऐकत होता. त्याच्या घरी फोन येत नव्हता. बुधवारी सा लागली की तो प्रार्थना म्हणायचा आणि आजूबाजूच्या घरांत, जिथे भिंतींच्या जागी नुसते खांब, तिथे आपली बायको दुसऱ्यांशी बोलतेय याचा अंदाज घेत बसायचा. शब्द यायचे नाहीत. नुसता तिचा सूर, लाटांमध्ये सापडून तुटलेला. नवऱ्याला सोडून साऱ्या गावाशी बोलणं, ही तिची जुनीच खोड.

मग इयानेता बारा वर्षांची झाली.

त्या बुधवारी फालानिको प्रार्थनेतल्या एका लांब वाक्याच्या मध्यावर होता. चटईवरचा फोन थरथरला. त्याने उचलला, आणि ती म्हणाली, “मी नर्स मोएलांगी. तुमच्या घरातली…” इथे ती थांबली. इतरांच्या नावाआधी ती थांबायची नाही, हे पुढे त्याला चार घरी विचारून कळलं. इथे थांबली. श्वास घेतला. तो श्वास ऐकू आला. “…इयानेता अजून दवाखान्यात आली नाही. तिला घेऊन या. मी वाट बघतेय.” मागे तो स्वतः होता, नारळ खवत, मीठ मागत, बायको चार हातांवर असलेला एक सुखी माणूस. दोघंही एकदमच बंद झाले.

कुत्रं उठलं, मागच्या रांधणीत जाऊन हुंगून आलं आणि अंगणातल्या फरश्यांवर जाऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन जाणारच होता. पण शेतात तारो, म्हणजे मोठा अळू, लावायचा होता, आणि ते खोटं नव्हतं. पुढच्या बुधवारी फोन परत आला. त्याने तो ऐकला, खाली ठेवला, आणि तेव्हा त्याला मोएलांगीचं बोलणं आठवलं. फेतू गेल्यावर तिने कौतुकाने सांगितलं होतं, “शहाणं यंत्र आहे. काम झालं की गप्प बसतं. तुझ्यासारखं नाही.”

काम झालं की गप्प बसतं.

त्या आठवड्यातही तारो लावायचा राहिला होता. त्याच्या पुढच्याही.

मग मुलांचा रविवार हा सण आला, त्यासाठी पांढरे कपडे शिवायचे होते. मग इयानेताला सर्दी झाली, आणि इतकी जपून पाळलेली सर्दी गावात दुसरी नव्हती. मग वादळाची बातमी आली, ते दुसरीकडेच गेलं, पण वाट बघण्यात वेळ गेलाच. दर बुधवारी तो आंघोळ करायचा, धुतलेली लुंगी नेसायचा, केसांना खोबरेल लावायचा. रस्त्यावरची पहाऱ्याची पोरं म्हणायची, “फालानिको काका भक्तीला लागलेत.”

गाव त्याला एका गोष्टीवरून छळायचं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न. बोटीवर, देवळाच्या पायरीवर, दुकानात: “काय फालानिको, सापडलं का मीठ?” त्याचा तो ओरडा साऱ्या गावाने फोनवर ऐकला होता, तेव्हा हे चालायचंच, असं त्याला वाटायचं. पण लोक नुसतं विचारून थांबायचे नाहीत, त्याच्याकडे बघून गालात हसायचे, आणि बायका तर कधीकधी हसता हसता डोळे पुसायच्या. एकदा त्याने चिडून सगळ्यांसमोर दुकानातून मिठाची मोठी पिशवी विकत घेतली. “हे बघा, सापडलं!” दुकानदारीण म्हणाली, “हे नव्हे,” आणि आत निघून गेली.

रेपेका घरी आली ती तापलेल्या उन्हात, छत्री घेऊन.

“काका, आज काय लावायचंय?”

“तारो.”

“गेल्या वेळी लावला तो?”

“तो उगवला. आता दुसरा.”

रेपेका चटईवर बसली. वयाने लहान, पण मोएलांगीच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे उठवल्याशिवाय न उठणारी. “काका, गावातली एकच मुलगी राहिलीय. तुम्हाला सुईची भीती वाटते का?”

“मला कसली? मला कुठे टोचायचंय?”

“मग राग आहे का? औषधांनी काकूंना वाचवलं नाही म्हणून?”

फालानिकोने पंख्याने माशी हाकलली. माशी नव्हती. “सर्दी गेली की आणतो,” तो म्हणाला.

“कुणाची सर्दी? ती बघा, झाडावर चढलीय.”

इयानेता खरंच नीरफणसाच्या झाडावर होती, आणि वरून बापाकडे बघत होती.

त्यानंतर याकोपो मताई आले. अंगणात येऊन ते थडग्यापाशी थांबले, “मोएलांगी, जरा सरक,” म्हणाले आणि फरश्यांवर ऐसपैस बसले. वजनदार गृहस्थ. सावली तिथेच होती.

“आपियाहून एक मोठ्या बाई येणार आहेत,” ते म्हणाले. “फलक देणार. गावातली एकही मुलगी टोचायची राहिली नाही, असा. आणि राहिलीय कोण? नर्सची.”

“तारो लावून होऊ दे, मताई.”

“तुझा तारो लावत लावत आता समुद्रात पोचला असेल. अरे, ज्या बाईने मला माझंच डुक्कर खाताना पकडलं…”

“डुक्कर आमचं होतं.”

“दंड झाल्यावर गावाचं. मधे बोलू नकोस. ज्या बाईने सगळ्या गावाच्या पोरी नेल्या, तिचीच पोर तू धरून ठेवलीस. का? मला सांग. मी बैठकीत सांगणार नाही.”

ते बैठकीत सांगणार हे दोघांनाही माहीत होतं. पण फालानिको सांगणार तरी काय? मला बायकोचा फोन येतो, तो बंद पडेल, म्हणून मी मुलीला जपायचं औषध अडवून धरलंय? मनातल्या मनात ते वाक्य त्याने एकदा उच्चारून बघितलं होतं. त्याचं त्यालाच ऐकवलं नव्हतं. म्हणून ते तो परत उच्चारत नसे.

“फलक पुढच्या वर्षीही देतील,” तो म्हणाला.

मताई फरशीवर हात टेकून उठले. जाता जाता वळून म्हणाले, “मीठ नाही ना सापडलं अजून?” या वेळी ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा, कुणाला काही सांगायचं असून न सांगणाऱ्या माणसाचा असतो, तसा झाला होता.

पुढच्या बुधवारी सा लागली. प्रार्थनेच्या मध्यावर फोन आला, ती थांबली, तिने श्वास घेतला, नाव घेतलं, वाट बघतेय म्हणाली. फालानिकोने फोन गालापासून काढला तेव्हा तो गरम झालेला होता. कुणाचा तरी गाल लागून व्हावा तसा. सा संपल्याचं सिलिंडर वाजलं, पहाऱ्याची पोरं पांगली.

इयानेता अंगणातल्या नळाखाली भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली, “बाबा, ती मला बोलावते.”

“हं.”

“तुला नाही बोलावत. माझं नाव घेते.”

“माहितीय मला.”

“दर बुधवारी आई मला हाक मारते आणि मी ओ देत नाही.” तिने पातेलं पालथं घातलं. “ती असताना मी पहिल्या हाकेला नाही उठले तर काय व्हायचं आठवतं ना? चप्पल यायची. आता चप्पल येत नाही. नुसती परत तेच म्हणते. न रागावता. मला झोप लागत नाही बाबा. मला वाटतं, ती तिकडे पायरीवर बसून राहिलीय आणि माझ्यामुळे तिला उठता येत नाहीये.”

फालानिको काहीतरी म्हणणार होता. तारो हा शब्द ओठांपर्यंत आला होता.

“आणि तिचं पोट कसं दुखायचं, तेही मी बघितलंय,” इयानेता म्हणाली. “तू बाहेर जायचास. मी आत असायचे.”

अंधार पडायला लागला होता. कुत्रं फरश्यांवरून उठून त्या दोघांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. फालानिकोने फोन लुंगीच्या कनवटीला खोचला, परत काढला, परत खोचला.

“उद्या सकाळी जाऊ,” तो म्हणाला.

“तारो?”

“तारो मरू दे.”

दवाखान्यात रेपेकाने एकही शब्द वावगा काढला नाही. मोएलांगीची खुर्ची तिथेच होती, पाठीला तिने बांधलेली चिंधी तशीच. “काका, तुम्ही बाहेर बसा,” रेपेका म्हणाली. “मी बघणार,” फालानिको म्हणाला. त्याने बघितलं, आणि मग त्यालाच आडवं करावं लागलं. शुद्धीवर आला तेव्हा इयानेता त्याच्या तोंडावर पाणी मारत होती आणि रेपेका टॅबलेटवर बोट टेकवत होती. टॅबलेटने बारीक आवाज केला, दाणा टाकल्यावर पाखरू करतं तसा.

“झालं?”

“झालं काका. यंत्राला कळलं.”

म्हणजे अखेर त्यालाही कळवलं गेलं, असं फालानिकोच्या मनात आलं. बाकी सगळ्यांना कळवलंच होतं.

तो आठवडा लांबला. बुधवारी त्याने आंघोळ केली नाही, खोबरेल लावलं नाही. मळकी लुंगी नेसून चटईवर बसला. फोन समोर ठेवला, कारण नेहमी ठेवायचा. सिलिंडर वाजलं. समुद्र काळा पडला. त्याने प्रार्थना सुरू केली आणि ते लांब वाक्य आलं, ज्याच्या मध्यावर फोन यायचा. तो त्या वाक्यात हळू झाला. वाक्य संपलं. फोन आला नाही. समोर अंगणात फरश्या तेवढ्या पांढऱ्या दिसत होत्या, आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की त्या तिथे आहेत, त्यांच्याखाली ती आहे, आणि ती बोलत नाहीये.

त्याने पुढची प्रार्थना उचलली, आणि फोन थरथरला.

या वेळी तो इयानेताने उचलला आणि दोघांच्या मध्ये धरला.

“मी नर्स मोएलांगी,” ती म्हणाली. मागे खवणी चालूच होती. “तुमच्या घरातली… इयानेता येऊन गेली. बरं झालं. शहाणी माणसं आहात. सहा महिन्यांनी दुसरी सुई, विसरू नका, मी आठवण करून देईनच.” मग जरा थांबली. मग तिचा आवाज लांब गेला, फोनकडून तोंड फिरवल्यासारखा, आणि चढला. ज्या आवाजात ती साऱ्या आयुष्यात फक्त एकाच माणसाशी बोलली होती, त्या आवाजात. “वरच्या फळीवर, फालानिको! डब्याच्या मागे! मीच लपवलंय. रक्तदाब आहे तुला. चिमूटभरच घे, ऐकलंस का? चिमूटभर!”

आणि त्याने उत्तर दिलेलंही त्यात होतं. “हो गं,” असं, नारळ खवत.

फोन बंद झाला. रस्त्यापलीकडे, याकोपो मताईंच्या घरातून, ऐन प्रार्थनेत, कुणीतरी फुटून हसलं आणि ते हसणं मधेच दुसरं काहीतरी होऊन गेलं. पहाऱ्यावरच्या पोरांनी तिकडे बघितलं आणि मान फिरवली. पुढे बैठकीत याकोपो मताईंना सा मोडल्याबद्दल मासळीच्या डब्यांच्या एका खोक्याचा दंड झाला. तो त्यांनी स्वतःच ठोठावला.

“हे सगळ्यांना येतं,” फालानिको म्हणाला. सा अजून संपली नव्हती, तरी म्हणाला. “प्रत्येक घरी हेच आलं.”

“टोचून आलं की येतं,” इयानेता म्हणाली. “सगळ्या वर्गाला माहीत होतं.”

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

ती फोन पुसत होती. “सांगितलं असतं तर तू त्यासाठी नेलं असतंस. मला माझ्यासाठी जायचं होतं.”

सिलिंडर वाजलं आणि सा संपली.

तो उठून मागच्या रांधणीत गेला. दिवा लावला. वरच्या फळीवर बिस्किटांचा जुना डबा होता. मयताच्या वेळी आलेल्या बायकांनी सगळं आवरलं, ही फळी तेवढी सोडली होती, कारण ती उंच होती. डब्याच्या मागे हात घातला. बरणी होती. आत मीठ होतं, ओल खाऊन दगड झालेलं. त्याने चमच्याच्या टोकाने ते टोकरलं. बराच वेळ टोकरलं. मग नारळाच्या दुधात शिजणाऱ्या अळूच्या पानांवर एक चिमूट टाकली, आणि हात परत बरणीकडे गेला.

तो तसाच राहिला, हात बरणीवर. बाहेर कुत्रं एकदा भुंकलं.

“बाबा,” इयानेता मागून म्हणाली. “चिमूटभर.”

“हो गं,” फालानिको म्हणाला, आणि बरणी वरच्या फळीवर, डब्याच्या मागे ठेवून दिली.